हनानचं मधलं नाव

शारजातल्या मराठी मंडळाच्या नाटकांना पहिल्या रांगेत बसणाऱ्यांनी लतिकाताई चित्र्यांचा आवाज कधी ऐकला नाही, आणि तीच त्यांची कीर्ती. त्या प्रॉम्प्टर. विंगेतलं स्टूल, मांडीवर संहिता, मुठीत लपवलेली बॅटरी. समोर दिव्यांच्या झोतात एखादा नट नुसताच उभा राहिला, घशाला कोरड, डोळे पांढरे, की ताई एक शब्द सोडत. एकच. तो असा तरंगत जाई की नटाला वाटावं, आपल्यालाच आठवलं. मग टाळ्या नटाला, नारळ दिग्दर्शकाला आणि ताईंना डब्यात उरलेला वडा. त्यांना त्याचं काही वाटत नसे. "अहो, माझा आवाज तुम्हाला ऐकू आला तर माझं चुकलं म्हणायचं," असं त्या म्हणत.

नोकरीही त्यांना तशीच मिळाली. लग्न होऊन महाडहून शारजात आल्या तेव्हा वेळ जाईना म्हणून टायपिंग सेंटरमध्ये बसू लागल्या. व्हिसाचे, भाडेकराराचे, दुकानाच्या परवान्याचे अर्ज अरबीत टाइप करून देणारी ती गल्लीबोळातली दुकानं. उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी त्यांच्या बोटांत हळूहळू मुरली. जिभेवर मात्र ती अर्धवटच चढली. ताईंचं अरबी म्हणजे शब्द सगळे हजर, व्याकरण रजेवर. पण काम चाले. पन्नाशी ओलांडल्यावर दुबईतल्या अल कुसैसच्या एका मदत संस्थेला अशाच हाताची गरज पडली आणि ताई तिथे गेल्या.

टायरच्या दुकानावरचा माळा, चार खुर्च्या, एक चहाची किटली. पण या माळ्यावरून जाणारी नावं लांबचा प्रवास करत. गाझात जखमी झालेली, आजारी पडलेली मुलं, कधी एखादं मोठं माणूसही, उपचारांसाठी इकडे अमिरातीत आणायची, प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस, असं त्या संस्थेचं काम. मुलाचं नाव तिकडच्या इस्पितळातून यायचं. ताई ते टाइप करायच्या. मग ते अबुधाबीला जायचं, तिथून कैरोला, कैरोहून इस्रायलच्या सुरक्षावाल्यांकडे, आणि तिथून 'हरकत नाही' असा शेरा घेऊन उलट्या पावली परत. त्यानंतर त्या नावाचा धनी गाझा आणि इजिप्तमधल्या रफाहच्या फाटकापाशी उभा राहू शके. या सगळ्या खटाटोपाला तिकडचे लोक 'तनसीक' म्हणत. म्हणजे समन्वय. पण त्या शब्दात इतका जीव अडकलेला असे की फोनवर बायका "सलाम" म्हणायच्या आधी विचारत, "माझी तनसीक आली का?"

"आपल्याकडे म्हणतात ना, बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस," ताई घरी सांगत. "तशी ही बारा गावचं पाणी प्यायलेली नावं."

यजमान चंद्रशेखर चकलीच्या सोऱ्यावरून मान वर न करता म्हणत, "आणि तू रोज शारजातून दुबईत जातेस, तुला कोणी नाव विचारतं का? नाही! ट्रॅफिकवाला फक्त हॉर्न वाजवतो." चंद्रशेखरांचा फराळाचा धंदा. अल नहदातल्या किराणा दुकानांत त्यांच्या चकल्या-कडबोळ्यांच्या पिशव्या लटकलेल्या असत. मंडळाच्या नाटकांत ते हमखास सासऱ्याची भूमिका करत आणि हमखास तिसऱ्या प्रवेशात अडखळत. ताईंशी लग्न टिकलं ते त्यामुळेच, असा त्यांचा सिद्धांत. "घरातच प्रॉम्प्टर आहे, सोडून जाऊ कुठे?"

आता दुआबद्दल सांगायला हवं.

दुआ सात वर्षांची. डाव्या पायाच्या नडगीत स्फोटाचे तुकडे गेलेले. ती इकडे आली तेव्हा तिच्या आईचं बाळंतपण तोंडावर आलं होतं, म्हणून सोबत आली आजी. बापाची आई, उम्म रायेद, म्हणजे रायेदची आई. संस्थेनं अशा कुटुंबांसाठी अल नहदात फ्लॅट घेतले होते, आणि हा फ्लॅट नेमका चित्र्यांच्या शेजारच्या इमारतीत. पहिल्या शुक्रवारी ताई चकल्यांचा डबा घेऊन गेल्या. उम्म रायेदनं एक चकली उचलली, उलटसुलट पाहिली, वास घेतला, आणि विचारलं, "ही खायची की हिच्यावर काही ठेवायचं?"

त्या दिवसापासून दोन्ही घरांचं दार उघडंच. दुआ कुबडी टेकत यायची आणि चंद्रशेखरांच्या पिठात बोटं घालायची. त्यांना ती "अम्मो शेखर" म्हणे, म्हणजे शेखरकाका. 'अगं बाई' हे दोन शब्द तिनं ताईंच्या तोंडून असे उचलले की लिफ्ट उशिरा आली तरी ती कपाळावर हात मारून "अगं बाई!" म्हणायची. ताईंची मुलगी पर्णिका हसून लोटपोट व्हायची. "आई, शी स्पीक्स बेटर मराठी दॅन मी!" आणि त्यात खोटं काही नव्हतं.

दीड वर्षात पायावर ऑपरेशनं झाली, पण मोठं राहिलं होतं. हाड वाकडं धरू लागलं होतं. डॉक्टर म्हणत, आता उशीर नको. आणि दुआ म्हणे, मामा आल्याशिवाय नाही. मामा म्हणजे आई. उगाच हट्टी मूल नव्हतं ते. मागच्या वेळी भुलीतून शुद्धीवर येताना तिनं आईला हाका मारल्या होत्या आणि समोर आजी, नर्स, ताई, सगळे दिसले, ती एक सोडून. तेव्हापासून इस्पितळाची गाडी दारात आली की ती पलंगाच्या लोखंडी दांड्याला मिठी मारून बसे. एकदा तर गाडी रिकामी परत गेली.

अशात युद्धबंदीचा करार झाला. इस्रायली सैन्य ठरलेल्या रेषेपर्यंत मागे सरकू लागलं. माघार म्हणजे नाटकातला पडदा नव्हे, दोरी ओढली आणि झालं. एक रस्ता मोकळा होई, दुसऱ्यावर सुरुंग निघत. आज फाटक उघडणार म्हणत, दुपारी नाही म्हणत. पण रोज सकाळी माळ्यावर स्पीकरफोन लागे आणि अबुधाबीचे अधिकारी, कैरोचे अधिकारी, कधी आणखी कोणी, एकमेकांना विचारत: रेषा कुठवर आली? बस फाटकापर्यंत कोण आणणार? तिथून पुढे कोण घेणार? आज किती माणसं? माळ्यातर्फे बोलायचे ते फिरदोसभाई. हे समन्वयाचे प्रमुख, मूळचे हैदराबादचे, पोटाने आणि मनाने मोठे, आणि आवाज असा की स्पीकरफोन नसता तरी कैरोला ऐकू गेला असता. ताई शेजारी बसून ऐकत आणि एखादं नाव, एखादा आकडा त्यांच्या कानात सोडत. विंगेतलं स्टूल इथेही होतंच.

एका गुरुवारी फिरदोसभाई खुर्चीतून उडालेच. "दीदी! एक्स्ट्रा साथीदार अलाउ कर रहे! जिनके बच्चे इधर हैं, उनकी माँ! पण दोपहर के पहले नाम भेजना."

ताईंनी दुआच्या आईला, हनानला, निरोप पाठवला. तिकडे एका तंबूत रायेद, हनान आणि दुआनं कधी पाहिलेलाही नाही असा तिचा धाकटा भाऊ. काही वेळानं हनानचा आवाज आला, फोनवर साठवून पाठवलेला. मागे वारा, जनरेटरची घरघर. "मी हनान, दुआची आई..." मग घरघर. घरघरीतून ओळखपत्राचा क्रमांक नीट ऐकू आला, देव पावला. पण पूर्ण नाव वाऱ्यानं खाल्लं. ताईंनी उलट फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. दुपार तर डोक्यावर आली.

त्यांनी उम्म रायेदला फोन लावला आणि आपल्या त्या व्याकरणरहित अरबीत विचारलं, "हनान... मग? हनान, पुढे कोण?"

"हनान कोणाची म्हणतेस?" म्हातारी उसळली. सासूला सुनेबद्दल कोणी असं विचारतं का? "हनान रायेदची! नज्जारांची! दुसऱ्या कोणाची असणार?"

हनान. रायेद. नज्जार.

बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. मराठी कानाला याहून भरलेलं, याहून पूर्ण नाव कोणतं असणार? लतिका चंद्रशेखर चित्रे. हनान रायेद नज्जार. ताईंच्या बोटांनी ते एका दमात टाइप केलं आणि पाठवलं.

बरं, त्यांना ठाऊक नव्हतं असंही नाही. अरबी बाई लग्नानंतर नाव बदलत नाही. स्वतःचं, मग बापाचं, मग आजोबाचं, मग घराण्याचं, अशी ती चार नावं जन्मभर मिरवते. नवरा त्यात कुठेच नसतो. हे त्यांनी अर्जांवर हजारदा पाहिलेलं. पण डोक्याला ठाऊक असणं वेगळं आणि घाईत बोटांना ठाऊक असणं वेगळं. बोटं महाडची होती.

शेरा आला: हरकत नाही. माळ्यावर पेढे वाटले गेले. उम्म रायेदनं फ्लॅटचे पडदे धुतले. दुआनं स्वतःहून डॉक्टरांना सांगितलं, "मामा आली की पाय तुमचा."

आणि फाटक उघडलं त्या दिवशी बस आली, बायका-मुलं घेऊन निघाली, आणि हनान तिच्यात नव्हती.

दुपारी हनानचाच फोन आला. आवाज शांत. रडून झाल्यावर येतो तसा. "लातीका, तुम्ही म्हणालात तनसीक आली. मी सकाळपासून बसले. माझं नाव कोणी घेतलंच नाही. सगळे गेल्यावर खिडकीपाशी जाऊन क्रमांक दाखवला. ते म्हणाले, या क्रमांकाची बाई दुसरीच आहे. हनान रायेद नज्जार. तू हनान यूसुफ हद्दाद. दोन नावं कशी? आणि मला बाजूला बसवलं. मग परत पाठवलं."

ताईंनी फोन ठेवला, किटलीतला गार चहा कपात ओतला आणि तसाच ठेवून दिला.

"फिरदोसभाई," त्या म्हणाल्या, "माझ्या हातून झालं. मी बापाच्या जागी नवरा घातला."

फिरदोसभाईंनी नाव पाहिलं, डोळे मिटले, उघडले. "मेरे को भी नहीं दिखा, दीदी. मैं भी तो देखा ना?" मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या हिशेबानं हळू, बोलू लागले. "सुनो. चुप बैठो. गलती बोले तो वो लोग हमारे डेस्क के पूरे नाम रोकेंगे. सब दुबारा चेक. बाकी बच्चे लटकेंगे. हनान का नया अर्जी डालते, सही नाम से. आज नहीं तो अगले महीने."

"अगल्या महिन्यात फाटक उघडं असेल?"

"इन्शाल्ला."

"इन्शाल्ला तुमच्याकडे किती प्रकारचं असतं ते मला माहीत आहे, फिरदोसभाई. हे कुठलं?"

त्यांनी नजर चहाच्या किटलीकडे वळवली. माणूस प्रामाणिक होता. शिवाय नव्या अर्जातही क्रमांक तोच असणार होता, आणि एका क्रमांकावर दोन नावं म्हणजे तिकडच्या डोळ्यांना एकच अर्थ दिसणार: बाई काहीतरी लपवते आहे.

त्या संध्याकाळी शेजारच्या इमारतीत जायचं ताईंच्या जिवावर आलं. तरी गेल्या. दुआ नवे बूट घालून बसली होती, उजवा पायात आणि डावा हातात. "कुठे आहे?" तिनं विचारलं. ताई म्हणाल्या, बस भरली होती. खोटं बोलल्या. दुआनं हातातला बूट जमिनीवर ठेवला, नीट, टोक दाराकडे करून, आणि भिंतीकडे तोंड करून निजली. 'अगं बाई'सुद्धा म्हणाली नाही.

घरी चंद्रशेखर वाट पाहत होते. ताईंनी सगळं सांगितलं. "मी बोलले तर दुसऱ्यांची मुलं अडकतील. नाही बोलले तर ही. अहो, काय करू?"

एरवी यावर त्यांनी कोटी केली असती. ते म्हणाले, "मी अडखळतो तेव्हा तू काय करतेस? पुढचं वाक्य देतेस की नाटक बंद पाडतेस?"

"पुढचं वाक्य देते."

"मग दे. आणि एक सांगू? यावेळी जरा मोठ्यानं दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पीकरफोन लागला. अबुधाबी आलं, कैरो आलं. रेषा कुठवर आली, बस किती वाजता, सगळं झालं. फिरदोसभाई "शुक्रन, शुक्रन" असे आभार मानत आवरतं घेऊ लागले, आणि ताईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. जन्मभर विंगेत बसलेली बाई रंगमंचावर आली ती अशी: घसा साफ केला, आणि तो इतका मोठ्यानं साफ झाला की कैरोहून कोणीतरी विचारलं, "काय म्हणालात?"

"साहेब, मी लतिका. नावं टाइप करते," त्या अरबीत म्हणाल्या. "हनानचं नाव मी चुकवलं. तिनं नाही. तिच्या बापाच्या जागी मी नवरा लिहिला. ती एकच बाई आहे. दोन नावं माझी... म्हणजे माझ्यामुळे."

टायरच्या दुकानात खाली कंप्रेसर फुसफुसत होता. मग कैरोचा अधिकारी बोलला. त्याचा आवाज जाड, सिगारेटी. "मादाम, बापाच्या जागी नवरा? असं कोण लिहितं? ऐकूनही नवल वाटतं. तिकडचे लोक मला विचारणार, ही चूक की लबाडी. मी काय सांगू?"

"सांगा की टाइप करणारी हिंदुस्तानातली आहे. महाराष्ट्रातली. आमच्याकडे लग्न झालं की बाईचं मधलं नाव बदलतं. बाप जातो, नवरा येतो."

"मधलं?"

"आडनावही."

"घराणंसुद्धा?" अबुधाबीचा तरुण अधिकारी मध्येच बोलला.

"आणि कधी कधी पहिलंही," ताई म्हणाल्या, आणि आता त्यांना थांबवणं कोणाच्या हातात राहिलं नव्हतं. "लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरतात, त्यात नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो. मी जन्माची कुंदा. कुंदा प्रभाकर टिपणीस. तांदळातून उठले ती लतिका चंद्रशेखर चित्रे होऊन. माझ्याकडे दोन्ही नावांचे कागद आहेत. गॅझेटमध्ये छापलेलं आहे. तुमच्या सरकारनं तीस वर्षं मला व्हिसा दिला. साहेब, मी दोन बायका आहे का?"

कुठूनतरी हसण्याचा एक फवारा आला आणि दाबला गेला. कैरोवाला मात्र हसला नाही. तो खरोखरच विचारात पडला होता. "या अल्ला," तो सावकाश म्हणाला. "बाप गेला. घराणं गेलं. स्वतःचं नाव गेलं. मादाम, मग तुमचं राहिलं काय?"

ताईंनी क्षणभर विचार केला. "जन्मतारीख."

आता मात्र तो हसला. असा हसला की त्याला खोकला आला, आणि खोकता खोकता कोणालातरी ओरडून म्हणाला, "ऐकलंस का? जन्मतारीख!" त्याच्या खोलीत आणखी कोणीतरी हसत होतं. फिरदोसभाई कपाळावरचा घाम पुसत, हसावं की रडावं अशा चेहऱ्यानं ताईंकडे बघत राहिले.

हसून झाल्यावर तो अधिकारी पुन्हा अधिकारी झाला. "बाईचं खरं नाव सांगा. चारही."

"हनान यूसुफ इब्राहिम अल हद्दाद." हे नाव ताईंनी हनानकडून पुन्हा विचारून घेऊन रात्रभर घोकलं होतं. नज्जार म्हणजे सुतार आणि हद्दाद म्हणजे लोहार, हेही त्यांनी शोधून काढलं होतं. सुताराघरची सून, लोहाराघरची लेक.

"तिच्या आईचं नावही पाठवा. तिकडच्या दप्तरात जुळलं तर मी बोलेन. वचन देत नाही. आणि मादाम," तो थांबला, "तुमच्या डेस्कवरची बाकीची सगळी नावं पुन्हा तपासून द्या. प्रत्येक बाईला स्वतः विचारून. तोवर पुढची बस नाही."

म्हणजे फिरदोसभाई म्हणाले होते तेच झालं. ताई आणि ते समोरासमोर बसले आणि एकेका तंबूत, एकेका इस्पितळात फोन लावू लागले. बाई, तुमचं नाव काय? बापाचं? आजोबांचं? काहींचे फोन लागत, काहींचे नाही. एका म्हाताऱ्याचा मुलगा दोघांवर इतका ओरडला की फोन कानापासून लांब धरावा लागला: "माझ्या बापाचं डायलिसिस तुमच्या नावांसाठी थांबणार का?" ताईंनी ऐकून घेतलं. मग पुढचा क्रमांक लावला. सगळं तपासून झालं तेव्हा दुसरी एकही चूक निघाली नाही, आणि फिरदोसभाई टेबलावर हात आपटून म्हणाले, "एक तो मिलना था ना, दीदी! दिल को तसल्ली होती!" बस एक दिवस उशिरा सुटली. तो म्हातारा तिच्यातून आला, पण स्ट्रेचरवर. बसून येऊ शकला असता का, हे ताईंना कोणी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारायचं धाडसही केलं नाही. पुढे त्या त्याच्यासाठी दर आठवड्याला मऊ भात घेऊन इस्पितळात जात. त्याचा मुलगा त्यांच्याशी कधी धड बोलला नाही.

हनानबद्दलचं उत्तर मात्र त्या बसआधी आलं नाही. सैन्य आणखी मागे सरकलं. मग कुठेतरी गोळीबार झाला आणि फाटक मिटलं. माळ्यावर रोजचा फोन चाले, आणि कैरोवाला रोज शेवटी म्हणे, "लोहाराची लेक अजून नाही." तो तिला तसंच म्हणू लागला होता. दुआचे बूट दारापाशी तसेच. डॉक्टरांनी ताईंना बाजूला घेऊन सांगितलं, आणखी थांबलो तर पाय आखूड राहील. उम्म रायेद नातीला समजावून, दटावून, शेवटी हात जोडून थकली.

मग एका सकाळी, रेषेबद्दल, बसबद्दल एक शब्दही न बोलता, जाड सिगारेटी आवाज थेट म्हणाला, "मादाम जन्मतारीख आहेत का?"

"आहे, साहेब."

"लोहाराची लेक. आज. यल्ला, चला, तिला उठवा."

त्या दिवशी माळ्यावर कोणी जेवलं नाही. दुपार सरता सरता हनानचा आवाज आला, साठवलेला नव्हे, जिवंत. मागे वारा होता, जनरेटर नव्हता. "लातीका, मी पलीकडे आले." एवढंच. फिरदोसभाई उठून खिडकीशी गेले आणि टायरवाल्यावर विनाकारण ओरडले.

विमान आलं त्या दिवशी चंद्रशेखरांनी गाडी काढली. हनान दिसायला लहानखुरी, खांद्याला एकच पिशवी. वाटेत ती खिडकीबाहेरचे दिवे बघत राहिली. ताईंनी सगळी शक्ती गोळा करून अरबीत सांगितलं, "हनान, ते नाव... पहिलं... मी चुकवलं. फाटकावरून परत जावं लागलं ते माझ्यामुळे. माफ कर."

हनाननं वळून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी ते नाव त्यांनी घेतलं होतं. तीनदा. हनान रायेद नज्जार! मी तिथेच बसले होते. मला वाटलं, रायेदची कोणी चुलत बहीण असेल. मला तिची कीव आली. म्हटलं, बिचारी, नाव पुकारताहेत आणि ही कुठे कडमडली आहे?"

मग हनानच हसली. डोळ्यांत पाणी होतं तरी हसली. "तंबूत जाऊन रायेदला सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे तीनदा का होईना, तू कागदोपत्री माझी होतीस." आणि नवऱ्याचं नाव घेताच तिचं हसू विझलं. तो आणि धाकटा तिकडेच होते. ताईंनी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, घट्टही धरला नाही.

फ्लॅटचं दार उम्म रायेदनं उघडलं. सासू-सुना दारातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दुआ आत पलंगावर बसली होती. आईला बघून ती धावली नाही. धावता येतच नव्हतं. पण तिनं हातही पसरले नाहीत. दीड वर्षांत आई वाळली होती आणि मूल उंच झालं होतं. दोघी एकमेकींकडे तपासल्यासारख्या बघत राहिल्या. मग दुआनं चादर बाजूला सारली आणि आपला पाय दाखवला, टाक्यांच्या खुणा, वाकलेली नडगी, एकेक जागा बोटानं, इथे आणि इथे आणि इथे. एवढे दिवस जपून ठेवलेली तक्रार ती योग्य माणसापाशी नोंदवत होती. हनान जमिनीवर बसली आणि प्रत्येक जागेवर ओठ टेकत गेली. तिसऱ्या जागेपाशी दुआचा हुंदका फुटला.

"उद्या गाडी येईल," ताई दारातूनच म्हणाल्या. "इस्पितळाची. सकाळी."

"मामा येणार आत? भूल देतात तिथपर्यंत?"

"येणार," हनान म्हणाली.

"मग येऊ दे गाडी," दुआ म्हणाली. ताईंकडे न बघताच. एरवी ताई निघाल्या की ती लिफ्टपर्यंत कुबडी वाजवत यायची. आज तिचं लक्षच नव्हतं. ताईंना त्याचं अगदीच काही वाटलं नाही असं नाही. वाटलं. मग त्यांनी चकल्यांचा डबा ओट्यावर ठेवला, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि एकट्याच खाली उतरल्या.